मलेशियात स्वस्त आणि चविष्ट टपरीवरचं खाणं: कुठे, काय? (सोबत माळकरी आई)

चिंचगूळ | ११ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. डिसेंबर २०२३ पासून आपल्याला मलेशियाचा व्हिसा लागत नाही म्हटल्यावर आमच्याही घरात वारं शिरलं. २ ते ८ ऑक्टोबर, तीन रात्री क्वालालंपूर आणि तीन पेनांग. तिकिटं काढून झाली. काय बघायचं यावर इथे धाग्यांना तोटा नाही, मला फक्त खाण्याचं विचारायचंय.

आम्ही पाच जण. मी आणि मुलगा (१४) काहीही खातो. बायको अंड्यापर्यंत. मुलगी (९) ओळखीचं असेल तेवढंच खाते. आणि आई. आई माळकरी. त्यात ३ ऑक्टोबरला घटस्थापना. घट थोरल्या भावाकडे नाशिकला बसतात म्हणून आई निघायला कबूल तरी झाली, पण नऊ दिवस कांदा-लसूण बंद आणि उठता-बसता उपवास. म्हणजे पहिला उपवास क्वालालंपुरात.

टूरवाल्यांचं पनीर नको. मागच्या सहलीत सहा दिवस एकच ग्रेव्ही वेगवेगळ्या नावांनी खाल्लीय. माणशी दिवसाला ४० रिंगिट धरलेत (१ रिंगिट म्हणजे साधारण २० रुपये). दुकानांची नावं-पत्ते दिलेत तर उपकार होतील.

तिरकस | ११ ऑगस्ट

घरून दशम्या न्या. चहात साखर नसते तिथे, साखरेत चहा असतो. भाताला नारळ, कालवणाला नारळ, गोडाला नारळ आणि वर सगळ्याला सुकटीचा वास. माळकरी बाईला कशाला छळताय?

पेनांगकर | १२ ऑगस्ट

तिरकसराव, सुप्रभात.

चिंचगूळ, अकरा वर्षं पेनांगात आहे, बायान लेपासला कारखान्यात. पाहुण्यांना फिरवून फिरवून एक गोष्ट पक्की कळलीय: इथे पत्त्यांची यादी फारशी कामाची नाही, घड्याळ कामाचं. एक गाडी, एक पदार्थ, तीन-चार तास. त्याच फुटपाथवर सकाळी नासी लेमाकवाली बसते, दुपारी तिथे शुकशुकाट आणि संध्याकाळी नूडल्सवाला. लोक मोबाइलवर खूण करून दुपारी तीनला पोचतात आणि बंद शटरचा फोटो काढून परत येतात. पाच-सहा जण तर माझ्याच ओळखीचे आहेत.

सकाळी सात ते दहा मामाकात जा. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खानावळ. बरीचशी चोवीस तास उघडी. पण रोटी चनाई सकाळीच खायची, तव्यावरची माणसं तेव्हा हात गरम झालेली असतात. लोण्यात मुरत ठेवलेला मैद्याचा गोळा ओट्यावर आपटत, हवेत फेकत वर्तमानपत्राएवढा पातळ करतात, घडी घालून तव्यावर टाकतात आणि उतरवल्यावर दोन्ही तळव्यांत टाळी मारून चुरगळतात. ती टाळी ऐकू आली पाहिजे. नाही आली तर रोटी आधीच करून ठेवलेली आहे, दुसरीकडे जा. साधी रोटी दीड-दोन रिंगिट.

नासी लेमाकही सकाळचाच. केळीच्या पानात बांधलेली मूठभर पुडी, दोन-तीन रिंगिट. नारळाच्या दुधातला भात, तिखटगोड सांबाल (मिरचीची चटणी), तळलेले मासे, दाणे, काकडी. (आईंसाठी नाही, सांबालात मासळी असतेच.)

दुपारी बारा ते दीड नासी चांपुर. भात घेतला की वीस-पंचवीस भांड्यांतून आपणच वाढून घ्यायचं, बाई ताटावर नजर टाकून आकडा सांगते. कोणत्या हिशेबाने, ते अकरा वर्षांत समजलेलं नाही, पण फसवणूक वाटली नाही कधी. दोननंतर नको, सगळं गार असतं.

तीन ते सहा तळण आणि गोड. सहानंतर हॉकर सेंटर, म्हणजे एकाच जागी मांडलेल्या खाण्याच्या गाड्या.

नासी कांदारचं एवढंच सांगतो की कांदार म्हणजे कावड. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले पेनांगात खांद्यावर कावड घेऊन भात-रस्सा विकत, त्यावरून नाव. हमीदिया हे त्याचं दुकान १९०७ पासूनचं आहे. तिथे 'बांजिर' म्हणा. बांजिर म्हणजे पूर. भातावर चार-पाच रश्शांचा पूर सोडतात. मुलगा खूश होईल.

आता आईंबद्दल. तुम्ही ज्या तारखा काढल्यात त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून पंचांग आणि इथलं चिनी कॅलेंडर शेजारी ठेवून बघितलं. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस इथे नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. भाविक पांढरे कपडे घालतात, नऊ दिवस मांस-मासे-अंडं बंद, आणि कांदा-लसूणही बंद. यंदा सुरुवात ३ ऑक्टोबर. घटस्थापनेच्याच दिवशी. पेनांगभर पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या उभ्या राहतात, बर्मा रोडवरच्या देवळाच्या आसपास तर रांगच. क्वालालंपूरला आंपांगच्या देवळापाशी. पिवळा झेंडा दिसला की आईंनी डोळे मिटून बसावं.

चिंचगूळ | १२ ऑगस्ट

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, देवीलाच माझी काळजी." आता तीच बॅग भरायला लागलीय, दीड महिना आधी.

मधली_आळी | १३ ऑगस्ट

क्वालालंपूरला सात वर्षं झाली. पेनांगकरदादांनी मामाकावर लिहिलंय त्यात थोडी भर घालते, कारण माळकरी माणसासाठी मामाक तितकासा सोपा नाही. तव्यावर अंड्याची रोटीही होते, काही जण मैद्यातच अंडं घालतात. वाटीतली डाळ शाकाहारी असते, पण पोरगा सवयीने तिच्यात माशाच्या रश्श्याची पळी सोडतो, चव यावी म्हणून. 'डाळ साहाजा' म्हणायचं, म्हणजे फक्त डाळ. तेही तो पळी उचलायच्या आत! आईंना सरळ ब्रिकफील्ड्सला न्या. तमिळ शाकाहारी खानावळी आहेत, तोसाई म्हणजे आपला डोसाच. बाकीच्यांना केळीच्या पानावरचं जेवण. भात-भाज्या मागाल तितक्या, जेवण आवडलं तर पान आपल्याकडे दुमडायचं.

चिनी शाकाहारी दुकानं वर्षभर असतात. पाटीवर बहुतेक वेळा स्वस्तिक असतं. ही बौद्ध खाणावळ, कांदा-लसूण नाही. चिनी तिथीने १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या आसपास, तिथे जास्त गर्दी.

थोडे शब्द पाठ करा. *कोसोंग* म्हणजे साधं, रिकामं. *कुरांग मानिस* म्हणजे साखर कमी (तिरकसकाका, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं). *तेह ओ* म्हणजे बिनदुधाचा चहा, पण साखर असतेच. बिनसाखरेचा हवा तर *तेह ओ कोसोंग*. *बुंगकुस* किंवा *तापाव* म्हणजे बांधून द्या. चहासुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत नळी खोचून बांधून देतात. *दागिंग* वाचलंत तर थांबा, शब्दशः मांस, पण ताटात बहुतेक वेळा गोमांसच. वाढप्याला 'बॉस' म्हणायचं, तमिळ असेल तर 'अण्णे'. भाजीवाल्या मलय बाईला 'काक', म्हणजे ताई.

आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की मलयमध्ये दुधाला *सुसू* म्हणतात. आमच्या धाकट्याने पाटीवर 'सुसू' वाचलं आणि मामाकात टेबलाखाली जाऊन हसत बसला. वाढपी बिचारा विचारतोय, बाळाला काय झालं.

सुकट | १३ ऑगस्ट

शाकाहाराचं फार झालं. मी मालवणचा, सध्या जोहोर बाहरूला. चार क्वे तियावबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

पेनांगलाच खा. चपट्या तांदळाच्या नूडल्स, कोलंबी, शिंपले, अंडं, मोड, चिनी लसणीची पात. एका वेळी एकच ताट भाजतात, पाच जणांचं एकदम कढईत टाकणाऱ्याकडे फिरकू नका. कढईचा जाळ खाण्यात उतरला पाहिजे. आठ ते दहा रिंगिट. बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी असते, चालत नसेल तर आधी विचारा. बदकाचं अंडं हवं का विचारतील, हो म्हणा.

दुसरं आसाम लाक्सा. हे आमच्या कोकणातल्या माणसाने खाल्लं की गप्प बसतो. बांगड्याच्या जातीचा मासा उकडून, कुस्करून, चिंचेच्या आंबट पाण्यात. त्यात तांदळाच्या जाड नूडल्स, वर पुदिना, अननस, कांदा आणि जंगली आल्याच्या फुलाची गुलाबी पाकळी चिरून. नारळ नाही, थेंबभरसुद्धा! (तिरकस, ऐका.) आणि शेवटी एक चमचा काळी, दाट, गोडसर कोलंबीची चटणी. ती आधी ढवळू नका. निम्मा वाडगा तसाच खा, मग ढवळा. वाडगा बदलल्यासारखा वाटतो.

बाकी ज्या वासाला तुम्ही नाकं मुरडताय तो बलाचानचा. जवळा मीठ लावून, आंबवून, वाटून, वड्या पाडून वाळवतात. आपला जवळाच तो, फक्त शिकून आलेला.

तिरकस | १३ ऑगस्ट

जवळा माझ्याही घरी येतो. पण मी तो आईस्क्रीमशेजारी ठेवत नाही.

अळेबेळे | १४ ऑगस्ट

म्हापशाहून. मला एकच लिहायचंय, तीन ते सहाच्या वेळेबद्दल, जी पेनांगकरांनी चार शब्दांत उडवली.

कुइह म्हणजे छोटे गोड-तिखट पदार्थ. टेबलावर ट्रे मांडलेले असतात, दोन-तीन नग एक-दोन रिंगिट. मी पहिल्यांदा मलाक्काला कुइह दादार खाल्लं तेव्हा हातातलं सोडून बायकोकडे बघत राहिलो. पातळ धिरडं, आत ओलं खोबरं नि गूळ, गुंडाळी. आमचं अळेबेळेच, फक्त रंग हिरवा, पंदान पानाचा. अल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० ला आणि मलाक्का १५११ ला. कोणाचं धिरडं कोणाकडे गेलं यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

ओंदे-ओंदे घ्याच. चिकट तांदळाच्या गोळीत गुळाचा खडा, वर खोबरं. अख्खी तोंडात टाकून ओठ बंद करायचे, नाहीतर समोरच्याच्या शर्टावर पाक. कुइह कोची तर केळीच्या पानातला मोदकच, कळ्या नसलेला. आईंना आवडेल. गुळाला *गुला मेलाका* म्हणतात, माडाचा, काळपट. *गुला* म्हणजे साखर, आपल्याच 'गुड'वरून आलेला शब्द.

अनुस्वार | १४ ऑगस्ट

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: स्वच्छतेचं काय? लहान मुलांना बाधणार नाही ना?

पेनांगकर | १४ ऑगस्ट

दुकानाच्या भिंतीवर नगरपालिकेचा ए, बी, सी असा शेरा लावलेला असतो. ए-बी बघा. आणि रांग बघा. रांगेत म्हातारे असतील तर उत्तम, नुसते कॅमेरेवाले असतील तर पुढे चला.

कावळ्याची_शाळा | १६ ऑगस्ट

आमचा फटका सांगते, म्हणजे तुमचा वाचेल. क्वालालंपूरच्या एका झगमगीत खाऊगल्लीत बसलो, मासळीच्या पाटीवर १८ लिहिलं होतं. आम्हाला वाटलं अख्ख्या माशाचे. तो १०० ग्रॅमचा भाव होता. मासा निघाला नऊशे ग्रॅमचा. शिवाय टेबलावर न मागता ठेवलेले दाणे नि ओले रुमाल, त्यांचेही पैसे बिलात. त्या एका जेवणात पुढच्या तीन दिवसांचं खाणं गेलं. वजन आधी करून घ्या, दाणे परत पाठवा.

मधली_आळी | १६ ऑगस्ट

अगदी. वातानुकूलित हॉटेलात ६ टक्के कर आणि बऱ्याचदा वर १० टक्के सेवाशुल्कही लागतं. टपरीवर सांगितला तोच भाव.

हॉकर सेंटरची पद्धतही सांगून ठेवते. आधी टेबल पकडा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, मग वेगवेगळ्या गाड्यांवर जाऊन ऑर्डर आणि नंबर सांगायचा. ते आणून देतात, तेव्हाच पैसे, सुटे. चहा-सरबत मात्र जागेच्या मालकाचं, त्याचा माणूस येऊन विचारतो. नाही म्हणू नका, त्याची कमाई त्यावरच असते. पाच जणांत दोन सरबतं घ्या, पण घ्या.

चिंचगूळ | १७ ऑगस्ट

हे सगळं वहीत उतरवतोय. ३ तारखेच्या उपवासाचं सुचवा ना कोणी. आई म्हणते केळ्यावर भागवेन, पण मला बरं वाटत नाही.

मधली_आळी | १७ ऑगस्ट

अहो, साबुदाण्याच्या देशात येताय! *सागो गुला मेलाका*: साबुदाणा शिजवून गार केलेला, वर नारळाचं घट्ट दूध आणि माडाचा गूळ. न्योन्या म्हणजे चिनी-मलय घराण्यांच्या खाण्याच्या दुकानांत मिळतो. शिवाय रात्रीच्या बाजारात, *पासार मालाम*ला, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. हे बाजार वार ठरवून भरतात. सोमवारी पेटालिंग जायाला एसएस२, बुधवारी चेरासला तामान कॉनॉट, हा चालून चालून पाय दुखवणारा. तुमचं विमान बुधवारी दुपारी उतरत असेल तर त्याच रात्री शेंगा घेऊन ठेवा.

चिंचगूळ | १३ ऑक्टोबर २०२४

काल सोनं वाटून झालं, आता लिहायला बसलोय. मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी सविस्तर लिहिलंत.

बुधवारी रात्री तामान कॉनॉट. पाय दुखले. शेंगा मिळाल्या, खमंग नव्हे, उकडलेल्या, मिठाच्या. आईने खोलीत पेपर पसरून दुसऱ्या दिवशी त्यावर निम्मा उपवास काढला. सागोही मिळाला, पण आईने पहिल्या चमच्याला भुवया उंचावल्या. "साबुदाणा गार का?" तिसऱ्या चमच्याला काही बोलली नाही. वाटी पुसून घेतली.

मामाकात माझी चूक झाली. 'डाळ साहाजा' म्हणेपर्यंत पळी पडली होती. मधली_आळीताईंनी सांगूनही! आईसाठी नव्हती, बायकोसाठी होती, पण वाटी बदलून घ्यावी लागली. पोरगा उलट मलाच 'सॉरी बॉस' म्हणाला. टाळी ऐकू आली. मुलगी सहा दिवसांत अकरा रोट्या खाऊन आली, आता घरच्या पोळीला 'टाळी मार' म्हणते.

पेनांगला रात्री नऊला पोचलो आणि बर्मा रोडला गेलो. पेनांगकर, तुमचे पिवळे झेंडे! उदबत्त्यांचा धूर, पांढऱ्या कपड्यातली माणसं आणि एकाला एक लागून गाड्या. पण तुम्ही एक सांगितलं नव्हतं. पहिल्याच गाडीवर बदक टांगलेलं. पंख, मान, सगळं. आई दोन पावलं मागे सरली. ते सोयाबीनचं आणि गव्हाच्या चिवट ग्लुटेनचं होतं, बाईने चिमूट तोडून आत दाखवलं. आई म्हणाली, "मला पटलंय गं, पण जिभेला कोण समजावणार?" शेवटी तिने तळलेलं रताळं, मुळ्याच्या वड्या आणि नूडल्स घेतल्या. गाडीवालीने हाताने विचारलं, किती दिवस? आईने नऊ बोटं दाखवली. तिनेही नऊ दाखवली. मग दोघी हसल्या आणि गाडीवालीने वडीचा एक तुकडा जास्त टाकला. पाच जणांचं मिळून ४१ रिंगिट.

सुकट, तुमच्या सांगण्याप्रमाणे निम्मा वाडगा कोरा, मग ढवळला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे दोन पदार्थ आहेत." चार क्वे तियावसाठी पस्तीस मिनिटं उभे होतो. समोर माणूस एकेक ताट भाजतोय, मागे आठ जण नुसते बघतायत, कोणी कुरकुरत नाही.

चौरस्ता मार्केटला गेलो, नाव खरंच चौरस्ता! तिथे जायफळाच्या फळाचं सरबत आईला इतकं आवडलं की सुकवलेल्या जायफळाची दोन पाकिटं श्रीखंडासाठी आणलीत. ते श्रीखंडात घालायचं जायफळ नव्हे, गराचं आहे, हे घरी आल्यावर कळलं. आता तसंच खातोय.

हिशेब: माणशी दिवसाला सरासरी ३६ रिंगिट, सरबतं धरून. दशम्या नेल्या होत्या. तशाच परत आल्या.

तिरकस | १३ ऑक्टोबर

दशम्या परत आणल्या हे वाचून वाईट वाटलं. बाकी वृत्तांत बरा आहे.

कावळ्याची_शाळा | १४ ऑक्टोबर

माझ्या सासूबाईंनाही नऊ दिवस कांदा-लसूण चालत नाही. पुढच्या नवरात्रात जाऊ म्हणतोय. पिवळे झेंडे असतील ना?

पेनांगकर | १४ ऑक्टोबर

नाही! थांबा, तिकिटं काढू नका. २०२५ ला चिनी पंचांगात अधिक महिना येतोय, सहावा. आपला अधिक ज्येष्ठ येणार २०२६ ला. म्हणून पुढच्या वर्षी आपली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि इथला उत्सव २१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीत. सासूबाईंना दिवाळीत कांदा-लसूण चालत असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर स्वस्तिकाची पाटी शोधा. बदक तिथेही टांगलेलं असेल, आधीच सांगून ठेवा.